कोणाच्या घरची टोपी

त्या प्रयोगशाळेत ‘बाईंच्या पेशी’ म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे. बाटलीवर बाईंच्या अक्षरात ‘माणूस, फुप्फुस’ लिहिलंय ना, मग ते माणसाचंच फुप्फुस. एकवीस वर्षं पेशींची खोली बाईंच्या ताब्यात होती. चावी कमरेला आणि तिखट जिभेवर. नियमाप्रमाणे दरवर्षी पेशींची ओळख बाहेरून तपासून घ्यायची असते. दरवर्षी तो कागद सरांच्या टेबलावर येई, सर म्हणत, “बाईंच्या पेशी आहेत हो,” आणि कागद फायलीत जाई. बाईंनाही त्यात काही गैर वाटत नसे. आपल्या पोरांची ओळख पटवायला आई कधी परक्याकडे जाते का?

अशा खोलीत पाच महिन्यांपूर्वी वहिनी आल्या, आणि तेव्हापासून बाईंच्या मनात पाल चुकचुकत होती.

वहिनी म्हणजे बाईंची सख्खी भावजय, मोठ्या भावाची बायको. वयाने बाईंपेक्षा तीन वर्षांनी लहान, नात्याने मोठी आणि कामावर हाताखाली, त्यामुळे कोणी कोणाचा मान ठेवायचा याचा आधीच गोंधळ. दोघी एकमेकींना अहो-जाहो करत, आदरापोटी नव्हे, अंतर राखायला. घर एकच. खाली दादा, वहिनी आणि आई, वरच्या दोन खोल्यांत एकट्या बाई. वीस वर्षं त्या जिन्यावरून झाकलेल्या वाट्या वर-खाली गेल्या, पण मनातलं अक्षर काही गेलं नाही.

वहिनी आधी जनावरांच्या लसी करणाऱ्या प्रयोगशाळेत होत्या. ती बंद पडली. इकडे सरांना पेशी सांभाळणारं आणखी एक माणूस हवं होतं. वहिनींनी अर्ज केला, मुलाखत दिली, निवडही झाली, आणि बाईंना घरात कोणी चकार शब्द सांगितला नाही. सांगितलं ते सरांनी, खोलीच्या दारात उभं राहून, जाता जाता. “बाई, तुमच्याच घरातलं माणूस येतंय. आता तुम्हाला जरा आराम.” आराम! एकवीस वर्षांत कधी मागितला होता आराम? खालच्या मजल्यावरचं माणूस मुलाखतीला जाऊन येतं आणि वरच्या मजल्याला पत्ता नाही, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, असं बाईंनी त्याच क्षणी ठरवून टाकलं. त्या दिवशी त्यांनी रागाच्या भरात दोन दिवसांचं काम एका दुपारी उरकलं आणि घरी जाऊन कोणाशी बोलल्या नाहीत.

आता काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

काम होतं फ्लूच्या विषाणूवर. या विषाणूचा वारसा एका लांब दोऱ्यात नसतो, आठ सुट्या तुकड्यांत असतो. तो पेशीत शिरतो खरा, पण तिथला कारखाना सोवळा आहे. ज्या संदेशाच्या डोक्यावर एक ठरावीक रासायनिक टोपी असेल तोच संदेश वाचायचा, बोडक्याला दारातच अडवायचं. फ्लूच्या विषाणूला ती टोपी बनवता येत नाही. मग तो चोरतो. पेशीचा स्वतःचा संदेश तयार होत असतो, त्याची मुंडी धरतो, टोपी आणि तिला चिकटलेली दहा-तेरा अक्षरं कचकन कापून घेतो आणि त्यालाच जोडून स्वतःचा मजकूर लिहायला लागतो. आठही तुकड्यांची सुरुवात अशी चोरीच्या मालाने होते. सरांचं नवं औषध नेमकं त्या कात्रीचं तोंड बांधणारं होतं. कापता आलं नाही की टोपी नाही, टोपी नाही की संदेश नाही, आणि विषाणू बसला हात चोळत.

आठ महिने औषध छान चाललं. वहिनी आल्या आणि चालेनासं झालं.

औषध तेच, विषाणू तोच, खोली तीच. बाईंच्या दृष्टीने बदललेली गोष्ट एकच होती आणि ती पांढरा कोट घालून समोर बसली होती. सर बाहेर चार ठिकाणी औषधाबद्दल बोलून बसले होते, त्यामुळे त्यांची झोप उडालेली. वहिनींची सहा महिन्यांची कच्ची नोकरी संपत आली होती. कायम करायचं की घरी पाठवायचं ते सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं. “बाई, तुम्ही म्हणाल तसं,” सर म्हणाले होते. त्या गावात पेशी वाढवणारी दुसरी प्रयोगशाळा नव्हती, आणि दादांची नोकरी दीड वर्षापूर्वीच गेलेली. म्हणजे खालच्या मजल्याची चूल बाईंच्या जिभेवर होती. हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि खोटं कशाला बोला, कुठेतरी बरंही वाटत होतं.

बाई वाईट नव्हत्या, पण संशय एकदा अंगात शिरला की माणसाला चतुर करतो आणि आंधळंही करतो. औषधाच्या बाटलीवर त्यांनी पातळीपाशी शाईचा बारीक ठिपका देऊन ठेवला. संध्याकाळी ठिपका आणि औषध जुळलं. पेशी ऊबेत ठेवणाऱ्या इन्क्युबेटरच्या दाराला चिकटपट्टीचा तुकडा लावून पाहिला, सकाळी तो जागच्या जागी. वहिनी विषाणू घालतात तेव्हा बाई मागे उभ्या राहून मनात थेंब मोजू लागल्या. थेंबही बरोबर. कुठेच चूक सापडेना, तेव्हा बाईंची खात्री पटली की ही बाई फारच हुशार आहे.

आणि दोन गोष्टी तर बाईंनी मनात गाठ मारून ठेवल्या होत्या. पहिली अगदी सुरुवातीची. दुसऱ्याच आठवड्यात वहिनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून म्हणाल्या होत्या, “ताई, बाटलीच्या तळाशी हे फोड आल्यासारखं दिसतंय. या पेशींना असे फोड येतात का हो?”

बाईंनी उठून बघितलंसुद्धा नाही. “तुमच्याकडे जनावरांचं काम होतं. इथे माणसांच्या पेशी असतात,” त्या म्हणाल्या. आल्या आल्या माझ्या पेशींना नावं ठेवते! नाकाने कांदे सोलायला हिला इथे आणलंय का? वहिनींनी पुन्हा कधी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट गेल्या महिन्यातली. वहिनी जिन्याखालच्या कोपऱ्यात फोनवर हळू आवाजात बोलत होत्या. “हो सर, फोटो पाठवते. पण हे ताईंना कळता कामा नये.” बाई वरच्या पायरीवर थबकल्या, आणि पाय न वाजवता परत फिरल्या. फोटो कसले? कोणाला? इथल्या कामाचे फोटो बाहेर जातायत, आणि वर आपल्याला कळता कामा नये! त्या रात्री खालून आलेली वाटी त्यांनी न उघडता परत पाठवली.

गुरुवारी बाई कात्रीकडे गेल्या. कात्री म्हणजे संगणकावर संदेशांची अक्षरं जुळवून मोजणारा माणूस. पन्नाशीचा, शांत, सदा चष्मा पुसत बसलेला. प्रत्येक संदेश विषाणूच्या आठ तुकड्यांशी नीट जुळावा म्हणून त्याचा प्रोग्राम आधी संदेशाची मुंडकी छाटायचा. ती अक्षरं विषाणूची नसतातच, मग मोजणीत लुडबूड कशाला? म्हणून त्याचं नाव कात्री. त्याला ते आवडायचं.

“तुम्ही जे कापता ते कुठे जातं?” बाईंनी विचारलं.

“कचऱ्यात.”

“आणि कचरा?”

कात्रीने चष्मा लावून त्यांच्याकडे पाहिलं. “कचरा मी टाकत नाही. जागा आहे, पडलाय. का हो?”

संशयी माणसाला कचऱ्याइतकं प्रिय काही नसतं. बाई खुर्ची ओढून बसल्या. “त्या मुंडक्यांत चोरलेली अक्षरं आहेत. ज्या पेशीत चोरी झाली तिची. बरोबर? मग चोर कोणाच्या घरात शिरला होता, ते त्याच्या डोक्यावरच्या टोपीवरून कळेल की नाही?”

“एका टोपीवरून नाही कळणार. दहा-बारा अक्षरं म्हणजे किती, कुठेही जुळतात. पण लाखभर टोप्या एकदम बघितल्या तर कळेल.” कात्री सावरून बसला. इतक्या वर्षांत त्याच्या कचऱ्याची चौकशी करायला कोणी आलं नव्हतं. “पण कळून काय करायचंय? माणसाच्याच असणार. बाईंच्या पेशी.”

“बघा तर खरं,” बाई म्हणाल्या.

त्यांच्या डोक्यात काय होतं? वहिनी नमुने बदलतायत, दुसरीकडचं काहीतरी आणून आपल्या कुपीत घालतायत, असं काहीसं. नीट त्यांनाही सांगता आलं नसतं. मूळ पेशी विषाणूने केव्हाच मारलेल्या, त्यातून विषाणूचे संदेश तेवढे गाळून ठेवलेले, बाकी सगळं नाल्यात गेलेलं. साक्षीदार उरले होते ते हेच, छाटलेली मुंडकी.

शुक्रवारी दुपारी कात्री स्वतः उठून पेशींच्या खोलीच्या दारापर्यंत आला, म्हणजे नक्की काहीतरी झालं होतं. बाईंनी त्याला बाहेरच गाठलं.

“माणूस नाही,” तो कुजबुजला. “कुत्रा. दहातल्या साडेनऊ टोप्या कुत्र्याच्या.”

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि पाठोपाठ, देवा, केवढा आनंद झाला! कुत्रा! कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी दुसऱ्या कोणाकडे असायच्या? जनावरांच्या लसवाल्यांकडे! उभा जन्म वहिनींनी त्याच पेशी वाढवल्या. तिथली घाण हातावर, कोटावर, सवयीत घेऊन ही बाई इथे आली आणि माझ्या पेशींत कालवली.

कात्रीने चष्मा पुसला. “पण बाई, कुत्र्याच्या पेशी आपल्याकडेही आहेत ना? विषाणूचा साठा तुम्ही त्यांतच वाढवता. त्या टोप्या विषाणूबरोबर तिथूनच आल्या असतील.”

“नाही येत,” बाई ठासून म्हणाल्या. हे ज्ञान त्यांना सरांपेक्षा जास्त होतं. “टोपी संदेशाला असते. विषाणू घर सोडताना आपले आठ तुकडे घेऊन निघतो, चोरलेल्या टोप्या तिथेच टाकतो. नव्या घरात नवी चोरी. टोपी कुत्र्याची म्हणजे बाटलीत कुत्राच होता. दुसरा अर्थ नाही. आणि माझी कुत्र्याची बाटली अन् माणसाची बाटली एकवीस वर्षांत एका वेळी टेबलावर आलेली नाही.”

त्यांनी हे इतक्या जोरात सांगितलं की आत काम करणाऱ्या वहिनींनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

म्हणूनच औषध चालत नव्हतं. कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी नको ते औषध बाहेर फेकण्यात पटाईत, आत टिकूच देत नाहीत. सगळं चपखल बसलं. सरांनी ऐकलं, कपाळाला हात लावला, आणि म्हणाले, “लेखी द्या.” बाईंनी दिलं, एक पानभर, खाडाखोड न करता. ‘सदर व्यक्तीच्या पूर्वीच्या कामाच्या सवयींमुळे.’ घरातल्या माणसाला ‘सदर व्यक्ती’ लिहिताना हात जरा अडखळला, पण अडला नाही.

शुक्रवारी रात्री दादा जिना चढून वर आले. ते क्वचितच येत. दारातच उभे राहिले.

“तिला जेवण जात नाहीये,” ते म्हणाले.

“मग मी काय करू? भरवायला येऊ?”

“काय झालंय ते ती सांगत नाही. तू तरी सांग.”

“सोमवारी कळेल,” बाई म्हणाल्या. दादा कठडा धरून खाली गेले. खालून आईचा आवाज आला, “काय म्हणाली?”

शनिवारी बाईंना वाटलं, पुरावा पक्का हवा. वहिनी येण्याआधी सगळं माणसाचं आणि आल्यानंतर सगळं कुत्र्याचं, असे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले की कोणाच्या बापाची टाप नाही बोलायची. त्यांनी रजिस्टर काढून कात्रीला तीन जुने नमुने दिले, नुसत्या आकड्यांचे. कोणता आकडा कोणत्या तारखेचा, हे फक्त बाईंच्या रजिस्टरात. दोन नमुने जुन्या साठ्यातल्या पेशींचे होते. तिसरा नव्या साठ्याचा. जुना साठा संपत आला तेव्हा बाईंनी बाटल्या वाढवून साठ कुप्या नव्याने गोठवल्या होत्या, आणि पेशी धड उगवतात ना, विषाणू घेतात ना, औषधाला दाद देतात ना, हे पाहायला एक चाचणी स्वतःच्या हाताने केली होती. वहिनी रुजू झाल्या त्याच्या आठ दिवस आधी.

संध्याकाळी कात्रीचा फोन आला. “दोन नमुने अगदी स्वच्छ, माणूसच माणूस. तिसऱ्यात मात्र दहात सहा कुत्रे. हा नंतरचा असेल, नाही?”

बाईंनी रजिस्टर मांडीवर घेतलं होतं. बोट तिसऱ्या आकड्यावर होतं. तारीख, काम आणि सही, तिन्ही त्यांच्याच अक्षरात.

“हॅलो? बाई?”

“हो,” बाई म्हणाल्या. “बघते.”

फोन ठेवला तरी बोट तिथेच होतं. आधी वाटलं आकडा चुकला. मग वाटलं, वहिनी आधीच कधीतरी खोलीत येऊन गेल्या असतील. माणूस स्वतःला सोडवायला काय काय रचतं! चावी कमरेला होती, कोण येणार? मग त्या आठवणीत मागे मागे जात राहिल्या. चाचणी. त्याआधी कुप्या गोठवल्या. त्याआधी महिनाभर बाटल्या वाढवल्या, एकाच्या दोन, दोनाच्या चार. आणि त्याच्याही आधी ती दुपार. सर दारात उभे. ‘आता तुम्हाला जरा आराम.’

ती दुपार आता लख्ख आठवली. हूडमध्ये, म्हणजे पेशी हाताळायच्या काचेच्या कपाटात, कुत्र्याची बाटली होती. डोकं भणभणत होतं. घरातल्या घरात आपल्याला फसवलं, माझी जागा घ्यायला आली, हेच घोळत होतं. कुत्र्याचं आवरायचं, हूड पुसायचा, वीस मिनिटं थांबायचं आणि मग माणसाची बाटली काढायची, हा नियम बाईंनीच भिंतीवर लावलेला. त्या दिवशी त्या थांबल्या नाहीत. मीडियाची, म्हणजे पेशींच्या खाद्याची, एकच बाटली दोन्हींना वापरली, तोंड उघडं ठेवून. कुत्र्याच्या दोन-चार पेशी पिपेटला लागून त्या गुलाबी पाण्यात गेल्या असतील. दोन-चार पुरतात. त्या माणसाच्या पेशींपेक्षा भराभर वाढतात आणि महिन्याभरात घर बळकावतात. चाचणीत औषध जरा कमी पडलं होतं, तेही आठवलं. पहिल्या वेळी होतं असं, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

वहिनींनी पेशींच्या खोलीत पाऊल टाकण्याआधीच त्यांच्यावर घेतलेल्या संशयाने हे केलं होतं. कुत्रा वहिनींनी नव्हता आणला. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून बाई परत स्वतःच्या सहीपाशी आल्या होत्या.

त्यांना लाज वाटली. पण लाजेच्या आधी, खरं सांगायचं तर, दुसरंच मनात आलं. हे कोणाला ठाऊक आहे? कात्रीला तारीख माहीत नाही. रजिस्टर माझ्याकडे. तिसरा नमुना ‘नंतरचा’ असं त्याने स्वतःच धरलंय. मी काहीच बोलले नाही तर खोटंसुद्धा बोलावं लागणार नाही. रविवारचा अख्खा दिवस बाई या विचाराशी एकट्या बसल्या. खालून वाटी आली. ती त्यांनी उघडली, आणि तशीच झाकून ठेवली.

सोमवारी बैठकीच्या तासभर आधी त्या खोलीत गेल्या. इन्क्युबेटरमधून ‘माणूस, फुप्फुस’ लिहिलेली बाटली काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. रोज बघत होत्या. रोज बघत होत्या म्हणूनच दिसलं नव्हतं. तळाशी पेशींचा गच्च गालिचा आणि त्यात जागोजागी उचललेले गोल फोड, खाली पाणी साठल्यासारखे. कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींची ही खूण त्यांनी एकवीस वर्षं दुसऱ्या बाटलीत पाहिली होती. लेबल वेगळं म्हणून डोळ्यांनी वेगळं पाहिलं.

दार वाजलं. वहिनी होत्या. चेहरा उतरलेला, कोट मात्र कडक इस्त्रीचा.

“तुम्ही विचारलं होतंत,” बाई सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता म्हणाल्या. “दुसऱ्याच आठवड्यात.”

वहिनींनी मागे दार लोटून घेतलं.

“जिन्याखालून फोन करत होतात. फोटो.”

“ते?” वहिनी दमल्यासारख्या हसल्या. “आमच्या जुन्या सरांना पाठवले होते. म्हटलं, माणसाच्या फुप्फुसालाही असे फोड येत असतील तर मी उगाच तोंडघशी पडायची. ते म्हणाले, फोटोवरून सांगता येत नाही, तपासून घ्या. तपासायला द्यायचं म्हणजे तुमची सही लागते.”

“मग मला पुन्हा का नाही विचारलंत?”

“ताई, विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?”

बाईंनी बाटली परत इन्क्युबेटरमध्ये ठेवली. काय म्हणाल्या असत्या ते दोघींनाही पाठ होतं. ‘हिचा माझ्या खुर्चीवर डोळा आहे.’

“निवड झाली तेव्हाच मी वर येऊन सांगणार होते,” वहिनी म्हणाल्या. “अर्ध्या जिन्यापर्यंत आलेही होते. मग धीर झाला नाही.”

बैठकीत चौघंच होती. सर, कात्री आणि या दोघी. सरांपुढे बाईंचं शुक्रवारचं पान होतं.

“तो कागद जरा इकडे द्या,” बाई म्हणाल्या. “माणूस चुकलंय.”

त्यांनी ‘सदर व्यक्ती’ खोडलं आणि वर स्वतःचं नाव, हुद्दा लिहिला. मग रजिस्टर उघडून तिसऱ्या नमुन्याची तारीख वाचून दाखवली, आणि त्या दुपारी काय झालं ते सांगितलं. वीस मिनिटं, मीडियाची बाटली, सगळं. कात्रीने चष्मा काढला आणि पुसायचं विसरून हातात धरून ठेवला.

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. “बाई, रजिस्टरात आकडा चुकू शकतो,” ते हळूच म्हणाले. “नीट विचार करा. एकवीस वर्षांचं काम तुमच्या नावावर उभं आहे. उद्या लोक त्या सगळ्याकडेच बोट दाखवतील. आणि यांची तर नोकरी अजून कच्चीच आहे, त्यामुळे…” त्यांनी वाक्य अर्धं सोडलं आणि वहिनींकडे पाहायचं टाळलं.

असं वाक्य अर्धंच सोडायचं असतं. उरलेलं दुसऱ्याने पुरं करावं, म्हणजे आपले हात स्वच्छ. बाईंना सरांचा राग आला आणि तेवढाच स्वतःचा, कारण शनिवारी संध्याकाळी त्यांनी हेच वाक्य मनात जसंच्या तसं म्हटलं होतं.

“लोकांनी बोट दाखवायलाच हवं,” त्या म्हणाल्या. “गोठवणीच्या टाकीत अजून चाळीस कुप्या आहेत, सगळ्यांवर माझी सही आहे. माणसाच्या बाटलीतली चूक यांनी पहिल्या पंधरा दिवसांत ओळखली. मी पाच महिने ठिपके देत बसले. कायम कोणाला करायचं ते आता तुम्ही ठरवा.”

वहिनी कायम झाल्या. चाळीस कुप्या जाळल्या, जुन्या दोन वर्षांचे नमुने तपासायला बाहेर गेले, आणि सरांनी चार ठिकाणी जाऊन आपलंच बोलणं मागे घेतलं. औषधाचं काय होणार ते नव्या पेशींवर कळणार होतं. बाईंना कोणी काढलं नाही, पण ‘बाईंच्या पेशी’ हे शब्द पुन्हा कोणाच्या तोंडून आले नाहीत. ते त्यांना टोचलं, आणि टोचतच राहिलं. घरी जिना तसाच होता. वहिनी कामापुरतं बोलत, वाटी मात्र येत होती.

तीन आठवड्यांनी ओळखीच्या दाखल्यासकट नव्या पेशी आल्या. बाईंनी त्या वाढवल्या, एका वेळी एकच बाटली, वीस मिनिटं घड्याळ लावून. गोठवायच्या दिवशी त्यांनी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि स्वतः बाजूला झाल्या.

“बघता का जरा?” त्यांनी विचारलं.

वहिनी बसल्या. डोळा लावला, बाटली सरकवली, पुन्हा सरकवली. बाई मागे हात बांधून उभ्या होत्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. इतका वेळ लागतो? एकवीस वर्षांत त्यांच्या बाटलीकडे कोणी असं पाहिलं नव्हतं, आणि असं उभं राहून वाट पाहणं काय असतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. वहिनी पाच महिने अशाच उभ्या होत्या.

“ही ठीक वाटते,” शेवटी वहिनी म्हणाल्या. मान वर न करता त्यांनी हात पुढे केला. “दुसरी द्या. सगळ्या बघते.”

बाईंनी दुसरी बाटली आणून त्यांच्या हातात दिली.